भैरवीचा झाला बिलावल! वहीतल्या बंदिशी छापायच्या आहेत, मदत हवी

मध्यमा_पास

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमच्या गाण्याच्या बाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलाने बंदिशींची वही आम्हा विद्यार्थिनींकडे सोपवली. काळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, सुरुवातीची पानं शिवणीतून सुटलेली. त्यातल्या ४२ बंदिशींची पुस्तिका करून वर्षश्राद्धाला सगळ्यांच्या हातात द्यायची असं ठरलं. टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बँकेत दिवसभर एक्सेल घेऊन बसते. संगीतातलं शिक्षण किती ते नावातच आहे, मध्यमा परीक्षेपर्यंत.

एक मात्रा म्हणजे एक चौकोन असं धरून सगळं बसवलं. कोमल (किंचित उतरलेल्या) स्वराखाली भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीप्रमाणे आडवी रेघ, म्हणजे त्या अक्षराला अंडरलाइन. पडद्यावर फार छान दिसत होतं. छापणाऱ्याने ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं आणि नमुना पान पाठवलं. आमच्यातल्या एकीने ते पेटीवर वाजवून बघितलं, तर भैरवी काही वाजेना. रे, ग, ध, नी, चौघांच्या पायाखालच्या रेघा वाटेत गळाल्या होत्या. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे भैरवीचा सरळसरळ बिलावल! शिवाय चौकोन गेल्यामुळे सोळा मात्रांची ओळ कुठे चौदावर तुटलेली, कुठे अठरापर्यंत वाहत गेलेली.

रेघा गळू नयेत म्हणून काय करायचं? आणि ओळी जागच्या जागी राहाव्यात म्हणून? पाश्चात्त्य संगीताची पुस्तकं इतकी देखणी असतात, ती लोकं हे कसं जमवतात?

ता.क. वहीची पहिली १७ पानं १९५८ सालची आहेत. तिथे बाईंनी सा आणि प यांच्याखालीही रेघा दिल्या आहेत. कधीच कोमल-तीव्र न होणारे अचल स्वर कोमल! एका जागी तर सा च्या डोक्यावर उभी रेघ, म्हणजे तीव्र (किंचित चढा) सा. तेव्हा त्या शाळेत असतील, चुकून झालं असेल असं समजून मी त्या रेघा काढून टाकल्या. बरोबर केलं ना?

रिकामा_कट्टा

तीव्र सा ऐकायची फार इच्छा आहे. कार्यक्रम कधी?

कोड_आणि_कोमल

छापणाऱ्याला एकट्याला दोष देऊ नका. अंडरलाइन हा अक्षराचा भाग नसतो. एक्सेलने त्याला नेसवलेला तो कपडा. मजकूर या घरातून त्या घरात गेला की कपडा उतरतो.

उपाय सोपा आहे आणि तो वेदपाठ्यांनी आपल्यासाठी करून ठेवलाय. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ०९५२ या क्रमांकावर अनुदात्ताचं चिन्ह आहे, अक्षराखाली आडवी रेघ. ०९५१ वर उदात्त, अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ. भातखंडे पद्धतीला नेमक्या याच दोन रेघा लागतात. रे॒ ग॒ ध॒ नि॒ हे कोमल, म॑ हा तीव्र. तार, म्हणजे वरच्या, सप्तकाचा ठिपका अनुस्वाराने द्या (सां), मंद्राचा, म्हणजे खालच्या सप्तकाचा, अक्षराखालच्या नुक्त्याने (ऩि, ध़). आता हे मेलमधून पाठवा, व्हॉट्सॅपवर टाका, रेघ अक्षराला सोडणार नाही.

क्रम मात्र पाळायचा: आधी व्यंजन, त्याला लागून नुक्ता, मग मात्रा, मग अनुस्वार आणि सगळ्यात शेवटी उदात्त किंवा अनुदात्त. नुक्ता मात्रेनंतर दिलात की ठिपक्याठिपक्यांचं एक भुताटकीचं वर्तुळ उगवतं. फॉन्टही आधी तपासून घ्या, काहींमध्ये रेघ आणि नुक्ता एकमेकांवर चढतात. मंद्रातला कोमल ध हा त्याचा कस.

एका मात्रेत दोन-चार स्वर आले की त्यांच्याखाली जी कमान लागते, ती युनिकोडच्या भरवशावर ठेवू नका. ती आखावीच लागेल.

ऋचापाठ

किरकोळ दुरुस्ती. ऋग्वेदाच्या छापील संहितेत वरची उभी रेघ स्वरिताची असते, उदात्ताला तिथे काहीच चिन्ह नसतं. युनिकोडने तिचं नाव उदात्त ठेवलंय, त्याला आपण काय करणार. चालू द्या.

खिळेकरी

पुण्यात ३१ वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले. संगीताची पुस्तकंही केली आहेत आणि त्यांच्या प्रुफांवर लेखकांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. म्हणून लिहितो.

मध्यमाताई, रेघा गळाल्या याचं तुम्हाला वाईट वाटलं. मला विचाराल तर ओळी तुटल्या हे जास्त वाईट. कसं ते सांगतो. हा तीनतालातला साधा सरगम मी आत्ताच जुळवला:

× ऩि रे ग म॑ । २ प – म॑ ग । ० रे ग म॑ प । ३ ग रे सा –

× म्हणजे सम, पहिली मात्रा. ० म्हणजे खाली, टाळी नसलेली मात्रा. २ आणि ३ या टाळ्या. यात कुठल्या स्वरावर त्याचा काळ लिहिला आहे का? नाही. प दोन मात्रांचा आहे हे आपल्याला कशावरून कळतं? त्याच्या पुढच्या घरात दुसरं कोणी राहायला आलेलं नाही, नुसती आडवी रेघ आहे, यावरून. भातखंड्यांच्या लिपीत घर हाच काळ. खालच्या ओळीत बंदिशीचे शब्द येतात, तिथे अक्षर लांबलं की ऽ येतो. स्वराची रेघ, शब्दाचा ऽ आणि तालाचा आकडा हे तिघं एकाखाली एक आले तरच वाचणाऱ्याला गाता येतं. घर हललं की ताल हलला.

आमच्या काळात मोकळी जागा म्हणजेही शिसंच. स्पेस, क्वाड हे सगळे धातूचे तुकडे, फक्त अक्षरापेक्षा बुटके, म्हणून शाई लागत नाही. गॅली, म्हणजे जुळवलेल्या ओळींचं ताट, उचलली की मोकळ्या जागेचंही वजन हाताला लागायचं. संगीताच्या पानात अक्षरांपेक्षा हे बुटके तुकडेच जास्त भरायचे. कोमलसाठी पितळी रूलचे बारीक तुकडे कापून खालच्या ओळीत ठेवायचे, तार-मंद्राचे ठिपके वेगळे. फर्मा आवळताना एक तुकडा सरकला की निषादाची (नी) रेघ धैवताखाली (ध). एकदा एका पानात मी असाच राग बदलून ठेवला होता. तुमचा बिलावल वाचून त्या लेखकाची आठवण झाली.

तेव्हा स्पेसबार मारून जागा करू नका. टेबल करा, सगळ्या स्तंभांची रुंदी ठरवून कुलूप लावा, आणि छापणाऱ्याला फक्त पीडीएफ द्या, फॉन्ट आत बसवलेली. मूळ फाइल हातात दिलीत की तो तुमच्या भल्यासाठीच काहीतरी नीट करायला जातो.

आणि सगळ्या बंदिशी समेपासून मांडू नका. जी नवव्या मात्रेवर उठते तिची ओळ खालीपासूनच सुरू करा. मुखड्याचे तुकडे झाले तर शब्द डोळ्यात भरत नाहीत.

गुरुमुख

सगळं ठीक आहे, पण एक विचारतो. कागदावरून कोणाला गाणं आलंय? एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणारी मींड, झुलणारं आंदोलन, दरबारी रागाचा गंधार हे तुमच्या चौकोनात बसतं का? ही गुरुमुखी विद्या आहे. बाईंनी शिकवलं ते गळ्यात ठेवा. पुस्तिका कपाटात जाईल.

मध्यमा_पास

@गुरुमुख, गळ्यात ठेवायलाच तर बसलोय. पण आमच्या गळ्यात बारा-पंधरा बंदिशी आहेत आणि वहीत ४२. उरलेल्यांचं काय करायचं?

खिळेकरी

भातखंडे हिंडले ते याच कारणाने. वकिली सोडून उस्तादांच्या दारी गेले, जे मिळालं ते लिहून घेतलं आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापलं. दरबारीचा गंधार कागदावर येत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं वाटतं का? सांगाडा टिकला तर कोणीतरी त्यावर मांस चढवील.

गुरुमुख

सांगाडा म्हणालात, तिथेच माझा मुद्दा आला. असो.

लायप्झिगवाला

‘ती लोकं कसं जमवतात’ याचं उत्तर देतो. नोकरीनिमित्त जर्मनीत लायप्झिगमध्ये आहे. ब्राइटकॉफ ही प्रकाशनसंस्था इथे १७१९ पासूनची. रोडर नावाचा संगीत कोरून छापणारा मोठा कारखाना इथलाच. डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात इथला छापखान्यांचा बहुतेक भाग जळाला. आता मुद्रणकलेचं एक संग्रहालय आहे. तिथे ही हत्यारं बघितल्यापासून स्वरांची पुस्तकं नुसती वाजवायची म्हणून बघवत नाहीत.

सुरुवात खिळ्यांनीच झाली. व्हेनिसच्या पेत्रुच्चीने १५०१ मध्ये खिळ्यांनी छापलेलं संगीत बाजारात आणलं. आधी पाच रेषा, मग स्वर, मग शब्द, असा एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्रावर चढायचा. एखादा केस सरकला की सा चा रे. पुढे पॅरिसच्या आतेन्यांने प्रत्येक स्वराच्या खिळ्यातच त्याच्या मागच्या पाच रेषांचा छोटा तुकडा ओतला. एका दाबात काम झालं, पण रेषांना सांधे दिसायचे, चाळीच्या फरशीसारखे.

स्वर एकमेकांवर चढू लागले, पियानोला एकाच हातात चार-चार स्वर आले, तेव्हा खिळे अपुरे पडले. मग धातूच्या पत्र्यावर कोरायचं काम आलं. आधी तांबं, नंतर कथील आणि शिशाचा मऊ पत्रा. कारागीर पहिला स्वर ठोकायच्या आधी कंपासने सगळ्या पानाची जागा वाटून घ्यायचा. या ओळीत चार खंड, त्यातला हा दाट, तो विरळ, वगैरे. मग पाच दातांच्या हत्याराने पाचही रेषा एका दमात ओढायच्या. स्वराचं डोकं, किल्ली, तीव्र-कोमलाची चिन्हं यांचे पोलादी ठसे असतात, ते हातोडीने ठोकायचे. दांड्या आणि जोडपट्ट्या मात्र कोरणीने कोरायच्या. आणि हे सगळं उलटं, आरशात दिसावं तसं, उजवीकडून डावीकडे!

चूक झाली तर पत्रा उलटा करायचा, मागून नेमकी ती जागा मोजून शोधायची, हलके ठोके देऊन खळगा वर आणायचा, घासून सपाट करायचा आणि पुन्हा ठसा. कंट्रोल-झेड असा.

खिळेकाकांनी घराचं म्हटलं ते वाचून मी थबकलो, कारण इथे गोष्ट उलटी आहे. या लिपीत काळ स्वराच्या अंगावरच लिहिलेला असतो. पोकळ डोकं, भरीव डोकं, शेपूट. म्हणजे जागा कितीही कमी-जास्त झाली तरी वाचणारा चुकायला नको. तरी हे कारागीर जागेसाठीच जीव टाकायचे. दोन मात्रांच्या स्वराला एक मात्रेच्या दुप्पट जागा देत नाहीत, दीडपटीच्या आसपास देतात. दुप्पट दिली तर पान भोकं पडल्यासारखं दिसतं, आणि सारखी दिली तर लय डोळ्याला जाणवत नाही. मधल्या रेषेच्या खालच्या स्वराची दांडी उजवीकडून वर, वरच्याची डावीकडून खाली, लांबी साधारण एका सप्तकाची. जोडपट्टी तिरकी असेल तर ती आणि रेषा यांच्यात पांढरं त्रिकोणी छिद्र राहू द्यायचं नाही, तिथे शाई साचते आणि डोळाही अडकतो. वाजवणारा हे काही बघत नाही. नुसतं वाचायला सोपं जातं.

संगणक आल्यावर काही वर्षं पानं फार कोरडी निघायची. सगळं अचूक, पण जीव नाही. १९९५ च्या सुमारास हॉलंडमधल्या आइंडहोव्हनच्या तरुणांच्या वाद्यवृंदात एक व्हायोला वाजवणारा आणि एक फ्रेंच हॉर्न वाजवणारा होता. दोघांनी मिळून या जुन्या कारागिरांचे डोळ्यांचे नियम प्रोग्रॅममध्ये उतरवायला घेतले. त्याचं नाव लिलीपाँड, फुकट मिळतं. म्यूझस्कोअरही फुकट आणि शिकायला सोपं. १९८८ पासून चालत आलेलं फिनाले मात्र २०२४ मध्ये बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं, आणि ज्यांचं आयुष्यभराचं काम त्याच्या फायलींत होतं ते हवालदिल झाले. म्हणून पीडीएफ आणि छापील प्रत, दोन्ही ठेवा.

रिकामा_कट्टा

एवढी उलटी ठोकाठोक करण्यापेक्षा सुवाच्य अक्षरात हाताने लिहून झेरॉक्स काढली असती.

लायप्झिगवाला

काढलीच! सेनेफेल्डरने १७९६ मध्ये म्यूनिकमध्ये दगडावरून छापायची युक्ती काढली, आणि तिचं सुरुवातीचं गिऱ्हाईक संगीतच होतं. पुढे तर पत्र्यावर कोरलेलं पानही दगडावर उतरवून छापायचे, म्हणजे पत्रा झिजत नाही.

खिळेकरी

आपल्याकडच्या शिळाप्रेसवरच्या पोथ्या त्याच युक्तीच्या. हाताचं वळण जसंच्या तसं उतरायचं. रिकामा_कट्टा चेष्टेत बोलले, पण मध्यमाताई, वहीतलं एखादं पान तसंच छापा. बाईंचं अक्षर राहील.

सासष्टीकर

उशिरा आलो. लायप्झिगवाल्याने पत्र्याचं सांगितलं, आमच्या घरात दौत आणि टाक होता.

गोव्यात चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचे गुरुजी, आधी सोल्फेज घोटून घ्यायचा, म्हणजे दो-रे-मी म्हणत पाच रेषा वाचायच्या. ते जमल्याशिवाय व्हायोलिनला हात नाही. त्या शाळांतून निघालेली पोरं मुंबईला गेली आणि सिनेमाच्या स्टुडिओत बसली. आमच्या सासष्टीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांनी व्हायोलिन त्यांच्याकडे गिरवलं. शंकर-जयकिशनकडे सबॅस्टियन डिसूझा. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, अरेंजर ती पाच रेषांवर मांडायचा, आणि मग प्रत्येक वाद्याचं पान वेगळं उतरवून काढायचं. हे उतरवायचं काम माझा पाय, म्हणजे वडील, रात्री करायचे. सकाळी नऊला रेकॉर्डिंग असलं तर आमच्याकडे दोनपर्यंत दिवा. गंमत म्हणजे त्याच खोलीत सतारवाले तीच ओळ सा-रे-ग मध्ये लिहून घ्यायचे. एक गाणं, दोन लिप्या, मधे चहा.

वडिलांचा एकच हट्ट. पान उलटायची जागा. व्हायोलिनवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. पानाच्या शेवटी त्याला विसावा नसेल तर दोघांच्या स्टँडवरच्या एकाला वाजवणं सोडून पान उलटावं लागतं, आणि माइकला त्याची खसखस ऐकू जाते. म्हणून ते आधी विसाव्याची जागा शोधायचे आणि मग मागे मोजत मोजत पान भरायचे. खालचा पाव भाग कोरा राहिला तरी चालेल. कागद वाया घालवतो म्हणून माझी आई ओरडायची.

तुमच्या पुस्तिकेतही बघा. पेटीवर बसलेल्या बाईचा एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर. ती पान कशाने उलटणार?

मध्यमा_पास

बाप रे. मी एका पानात बसेल तेवढं कोंबलंय. पुन्हा करावं लागणार. अनुदात्ताची युक्ती मात्र चालली. छापणाऱ्याच्या संगणकावरून रेघा सुखरूप परत आल्या.

१७ पानांच्या कोड्यावर कोणीच काही बोललं नाही. पहिल्या पानाचा फोटो डकवतेय. तीनताल लिहिलंय, पण आकडे १, ५, +, १३ असे आहेत. आणि नी, ध यांच्या डोक्यावर ठिपके, म्हणून मी ते तार सप्तकातले धरले. पण मग ती ओळ कोणाच्याच गळ्यातून निघेना. पहिल्या चार मात्रांतच वरच्या धैवतावर जायचं आणि लगेच खाली मधल्या सा वर पडायचं!

परीक्षक_बाई

मध्यमा, रेघा काढून टाकल्यास ना? आधी परत घाल. :)

तुझ्या बाई काहीच चुकलेल्या नाहीत. ही भातखंड्यांची लिपीच नव्हे, ही विष्णु दिगंबर पलुस्करांची. पहिली १७ पानं लिहिली तेव्हा त्या पलुस्कर परंपरेतल्या कोणाकडे तरी शिकलेल्या दिसतात. परीक्षेला आपण दोन्ही पद्धतींची तुलना पाठ करतो, दहा गुणांचं उत्तर लिहितो आणि घरी येऊन विसरतो. मी इतकी वर्षं ती उत्तरं तपासतेय, पण या लिपीत खरोखर लिहिलेली वही फार क्वचित बघायला मिळते.

आता फोटो पुन्हा बघ. डोक्यावरचा ठिपका भातखंड्यांकडे तार सप्तकाचा, पलुस्करांकडे मंद्राचा. बरोबर उलटं. म्हणजे तुमची ती न निघणारी ओळ खालच्या धैवत-निषादावरून हळूच सा वर येते आहे. म्हणून बघ, लगेच निघेल. सा च्या डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तार सा. तीव्र सा वगैरे काही नाही, रिकामा_कट्टा यांनी तिकिटाचे पैसे परत घ्यावेत. समेला १, खालीला +, आणि टाळीवर त्या मात्रेचा आकडा, म्हणून ५ आणि १३.

सा आणि प खालच्या रेघा म्हणजे एक मात्रा. स्वराखाली आडवी रेघ असेल तर तो एका मात्रेचा, शून्य असेल तर अर्ध्या मात्रेचा, अर्धचंद्र असेल तर पाव मात्रेचा. कोमलाला खाली पाय मोडल्यासारखी तिरकी खूण असते. भिंगातून बघ, काही स्वरांखाली दोन्ही असतील. तू रेघांबरोबर त्याही पुसल्या असशील तर त्या १७ पानांतही आणखी एखादा बिलावल तयार झाला असेल.

लायप्झिगवाला आणि खिळेकरी यांचं बोलणं वाचताना हेच डोक्यात येत होतं. पलुस्करांनी काळ स्वराच्या अंगावर लिहिला, पाच रेषांवाल्यांसारखा. म्हणून त्यांच्या लिपीत घरं सरळ आली नाहीत तरी बिघडत नाही. बाईंच्या त्या पानांवर बघ, ओळी कशाही वाहतात आणि तरी ताल नीट लागतो. भातखंड्यांनी ते ओझं स्वरावरून काढून घरावर ठेवलं. खुणा कमी झाल्या, शिकायला सोपं झालं, म्हणून आज सगळीकडे तीच दिसते, पलुस्करांच्या परंपरेतल्या वर्गांतसुद्धा. पण ती सोपी झाली ती मांडणाऱ्याच्या जिवावर. तुझ्या एक्सेलच्या.

खिळेकरी

परीक्षक बाई, इतकी वर्षं दोन्ही लिप्या जुळवल्या. पलुस्करांची नकोशी वाटायची ती खालच्या खुणांच्या गर्दीमुळे, तीन तीन मजले व्हायचे. पण तिच्यात फर्मा सरकला तरी ताल शाबूत राहायचा, हे आज लक्षात येतंय.

गुरुमुख

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण १९५८ चं पान आज कोणीतरी वाचून गळ्यात उतरवतंय, हे ऐकायला आवडेल. निघाली ती ओळ की रेकॉर्डिंग टाका.

मध्यमा_पास

निघाली.

काल वर्गात चौघीजणी बसलो. पेटीवर मंद्र धैवत दाबला आणि परीक्षक बाई म्हणाल्या तसं खालून सा वर आलो. आमच्यातली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी एकदम म्हणाली, अगं हे तर बाई तानपुरा लावून झाला की गुणगुणायच्या! त्यांनी ही बंदीश आम्हाला कधी शिकवली नाही. फक्त गुणगुणायच्या. @गुरुमुख, आवाज सगळ्यांचे बसलेले आहेत, बरे झाले की रेकॉर्डिंग टाकते.

पुसलेल्या खुणा फोटोंवरून परत घातल्या. भिंगाने तिरक्या खुणाही सापडल्या, एकूण नऊ ठिकाणी. अठराव्या पानापासून शाई बदलते आणि लिपीही. त्या पानावर मात्र दोन्हींची सरमिसळ आहे. वर + आणि १, खाली ठिपके मात्र भातखंड्यांचे. नव्या गुरूंकडे जाऊन आठवडाच झाला असेल बहुतेक.

आता असं ठरवलंय: सगळ्या बंदिशी भातखंडे पद्धतीत, टेबलात, स्तंभांना कुलूप लावून. पहिलं आणि अठरावं पान बाईंच्या अक्षरात, फोटो काढून जसंच्या तसं. पलुस्करांच्या खुणांचा अर्थ शेवटी अर्ध्या पानात. परीक्षक बाई, तो तुम्ही तपासून द्याल का? नमुना म्हणून चार पानांची पीडीएफ जोडते आहे. निर्दयपणे बघा.

कोड_आणि_कोमल

पान ३, अंतऱ्याची दुसरी ओळ. मंद्र कोमल धैवताचा नुक्ता रेघेत बुडालाय. फॉन्ट बदला किंवा रेघ अर्धा पॉइंट खाली घ्या.

परीक्षक_बाई

पाठव, तपासते. पान २ वर कणस्वर, म्हणजे नुसता स्पर्श करायचा स्वर, मुख्य स्वराएवढाच मोठा झालाय. कण लहान आणि डोक्यावर डावीकडे हवा, नाहीतर त्याला कोणीतरी मात्रा देऊन बसेल.

खिळेकरी

घरं सरळ आहेत. शाब्बास. एक प्रत माझ्यासाठी ठेवा, पोस्टाचे पैसे पाठवतो.

सासष्टीकर

पान ३ संपतं ते तानेच्या मधोमध.

मध्यमा_पास

बघितलं. सात मात्रा मागे घेऊन पान ४ वर नेते. खालचा पाव भाग कोरा राहतोय.

सासष्टीकर

राहू दे.